वेबपृष्ठावरील गणिती समीकरणे : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

बीजसंज्ञा : समीकरण, वेबपृष्ठ, निर्यात, पाठचिकित्सा, अपपाठ, देवनागरी, मॅथएमएल

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. नदीच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, येलदरी धरण आहे. पावसाळा लागला की या दोन जलाशयांत किती पाणी आले, याकडे पूर्णेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचे लक्ष असते. हा साठा वृत्तपत्रांतून आणि पाटबंधाऱ्यांच्या तक्त्यांतून ‘दलघमी’ या मापात सांगितला जातो. ‘दशलक्ष घनमीटर’ या शब्दांचे हे आद्याक्षरी रूप आता मराठवाड्याच्या बोलण्यातही रुळले आहे.

हेच माप गणिती चिन्हांत लिहावयाचे झाल्यास दहाचा आकडा, त्याच्या उजव्या खांद्यावर लहान सहा आणि पुढे घनमीटर असे लिहावे लागते. असा मजकूर संगणकावरील दस्तऐवजातून वेबपृष्ठावर नेताना सहाचे वरचे स्थान हरपले, तर वाचकासमोर ‘१०६ घनमीटर’ एवढेच उरते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर एक दलघमी पाणी म्हणजे एक लाख टँकर आणि १०६ घनमीटर पाणी म्हणजे जेमतेम अकरा टँकर होत. तरीही ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, आकडा स्वच्छ वाचता येतो आणि पृष्ठ नीटनेटके दिसते. ‘दलघमी’ हा शब्द मात्र कोणत्याही फॉन्टमधून, कोणत्याही प्रणालीमधून गेला तरी आपला अर्थ सोडत नाही.

दस्तऐवज वेबपृष्ठात रूपांतरित करताना समीकरणे बिघडतात, ही तक्रार मराठीतून विज्ञानलेखन करणाऱ्या अध्यापकांना परिचित आहे. तिच्याकडे सामान्यतः तांत्रिक अडचण म्हणून पाहिले जाते आणि समीकरणाचे चित्र चिकटवून ती मिटविली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पाठचिकित्सेच्या दृष्टीने केला आहे. एका प्रतीवरून दुसरी प्रत तयार होताना पाठ कसा बदलतो आणि मूळ पाठापर्यंत परत कसे जावयाचे, हा पाठचिकित्सेचा विषय होय. दस्तऐवजाची निर्यात हेही एक प्रतलेखनच आहे. फक्त लेखनिकाच्या जागी संगणक प्रणाली आली आहे.

समीकरणाची लिपी : ओळ आणि स्थान

गद्य मजकूर एका ओळीत वाहतो. अक्षरांचा क्रम टिकला की अर्थ टिकतो. आधुनिक समीकरणाचे तसे नाही. त्यात अक्षराइतकेच अक्षराचे स्थान बोलते. वर चढविलेला आकडा घातांक असतो, खाली उतरविलेला आकडा अनुक्रम दाखवितो, आडव्या रेषेच्या वरचा भाग अंश आणि खालचा भाग छेद होतो. अक्षरे सर्व राहिली आणि स्थाने गेली, तर समीकरण उरत नाही. उरतो तो केवळ अक्षरांचा ढीग.

या अडचणीचे जुने रूप भारतीय गणितातही आढळते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्ध केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे भाग येतात. त्यांतील नियम आणि उदाहरणे पद्यात आहेत. छंदाचे बंधन असल्यामुळे एखादे अक्षर गळाल्यास पाठकाच्या कानाला ते खटकते; म्हणजे पद्य हे त्या काळचे तपासणीचे साधनही होते. बीजगणितातील अव्यक्त राशींसाठी ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’ अशा संज्ञा आणि त्यांची ‘या’, ‘का’, ‘नी’ ही आद्याक्षरे वापरली जात. वर्गासाठी ‘व’ आणि घनासाठी ‘घ’ हे अक्षर त्याच ओळीत लिहिले जाई. त्यामुळे राशीचा घात हा स्थानावर नव्हे, तर अक्षरावर अवलंबून असे. ‘दलघमी’ या शब्दाची जात हीच आहे.

परंतु याच पद्धतीत एक चिन्ह असे होते, की ज्याचा सर्व भार स्थानावर होता. ऋण संख्या दाखविण्यासाठी तिच्या माथ्यावर टिंब दिले जाई. लेखनिकाच्या हातून ते टिंब सुटले, की ऋणाचे धन होई. तेथे छंदाचा पहारा नव्हता. कारण पद्य पाठ असले, तरी उदाहरणाची मांडणी पाठ नसे. ती केवळ पानावर असे. आजच्या वेबपृष्ठावर गळून पडणारा घातांक हा त्या टिंबाचाच वंशज मानावा लागेल.

अपपाठांचे प्रकार

निर्यातीतून उद्भवणाऱ्या दोषांचे दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात उघड दोष येतात. समीकरणाच्या जागी रिकामी चौकट दिसणे, चित्रांची जोडफोल्डर संकेतस्थळावर चढविण्याचे राहून गेल्यामुळे चित्रेच न उमटणे, वर्णसंकेतन चुकीचे नोंदल्यामुळे सबंध देवनागरी मजकूर विचित्र रोमन अक्षरांत दिसणे, हे सर्व दोष वाचकाला त्रास देतात, परंतु फसवीत नाहीत. दुसऱ्या वर्गातील दोष मूक असतात. त्यांत एका अर्थाच्या जागी दुसरा अर्थ येऊन बसतो. पाठचिकित्सेच्या परंपरेत निरर्थक अपपाठापेक्षा अर्थ लागणारा अपपाठ अधिक घातक मानला जातो, कारण त्याच्याविषयी संशयच येत नाही. अशा मूक अपपाठांचे चार प्रकार येथे विचारात घेतले आहेत.

पहिला प्रकार स्थानलोपाचा. वर चढविलेला किंवा खाली उतरविलेला आकडा ओळीत येतो. देवनागरीच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र आहे. युनिकोडमध्ये आंतरराष्ट्रीय आकड्यांची वर चढविलेली रूपे स्वतंत्र वर्ण म्हणून उपलब्ध आहेत. ती साध्या मजकुरातही टिकतात. देवनागरी आकड्यांना अशी घातांकरूपे नाहीत. विशेष म्हणजे २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत अक्षराच्या माथ्यावर बसणारे देवनागरी आकडे समाविष्ट झाले, परंतु ते सामवेदाच्या स्वरलेखनासाठी आहेत. गानाची सोय झाली, गणिताची राहिली. त्यामुळे मराठीत ‘क्ष’च्या माथ्यावरील देवनागरी ‘२’ हा केवळ मजकुराच्या सजावटीवर टिकून असतो आणि सजावट काढून मजकूर चिकटविला की तो खाली येतो.

दुसरा प्रकार चिन्हपालटाचा. जुन्या दस्तऐवजांत ग्रीक अक्षरे आणि गणिती चिन्हे ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमधून घेतली जात. त्या फॉन्टमध्ये चिन्हाचे चित्र एक आणि त्यामागील संकेतांक दुसऱ्याच अक्षराचा, अशी व्यवस्था होती. वेबपृष्ठावर तो फॉन्ट लागू झाला नाही, की मागचे अक्षर उघडे पडते. ‘≤’च्या जागी पौंडाचे चिन्ह आणि ‘∞’च्या जागी येन या जपानी चलनाचे चिन्ह दिसते. हे निदान खटकते तरी. ‘π’च्या जागी मात्र साधे रोमन ‘पी’ अक्षर येते आणि एखादी वेगळी राशी असावी असे वाटते. सर्वांत फसवी गत ‘≥’ या चिन्हाची होते. त्याच्या जागी वर चढविलेला तीनचा आकडा येतो. ‘क्ष ≥ २’ ही अट मग ‘क्षचा घन, पुढे दोन’ अशी दिसू लागते. असमता नाहीशी होऊन तेथे गुणाकार उभा राहतो.

तिसरा प्रकार खास भारतीय भाषांच्या वाट्याला आलेला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होई. तेथे देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. असा दस्तऐवज वेबवर नेण्यापूर्वी रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा लागतो. रूपांतरकाने फॉन्टचा भेद न पाहता सबंध मजकूर बदलला, तर समीकरणातील खरीखुरी रोमन अक्षरेही देवनागरी तुकडे समजून बदलली जातात. राशींची नावे त्यामुळे काना, मात्रा आणि अर्धी व्यंजने होतात. यातील बहुतेक बिघाड दिसून येतो, परंतु क्वचित एखादे रोमन अक्षर पूर्ण देवनागरी व्यंजन बनून बसते आणि मराठी समीकरणात क, ग, प अशा राशी चालत असल्यामुळे ते सहज खपून जाते.

चौथा प्रकार कोनचिन्हाचा. वेबपृष्ठाच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, ‘<’ हे चिन्ह आज्ञेच्या आरंभाचे आहे. ते ‘पेक्षा लहान’ या अर्थाने थेट लिहिले आणि त्याला लागूनच रोमन अक्षर आले, तर ब्राउझर पुढील मजकूर आज्ञा समजून गिळून टाकतो. निर्यात करणाऱ्या प्रणाली याची काळजी घेतात. हाताने दुरुस्ती करणारा लेखक पुष्कळदा घेत नाही. मात्र ‘<’ नंतर देवनागरी अक्षर आल्यास एचटीएमएलच्या नियमानुसार ती आज्ञा ठरत नाही, म्हणून ‘अ<ब’ टिकते. मराठी राशीनामांना लाभलेले हे एक अनपेक्षित संरक्षण म्हणता येईल.

सांडव्याचे उदाहरण

मूक अपपाठ किती दूर नेऊ शकतो, हे पाहण्यासाठी धरणशास्त्रातील एक सर्वपरिचित सूत्र घेता येईल. सांडव्यावरून मुक्तपणे वाहणाऱ्या पाण्याचा विसर्ग हा एक गुणांक, सांडव्याची लांबी आणि माथ्यावरील पाण्याच्या उंचीचा ३/२ वा घात यांच्या गुणाकाराइतका असतो. येथे ‘उ’ ही उंची मानली, तर तिच्या माथ्यावर ३/२ हा घातांक असतो. निर्यातीत तो खाली उतरला की ‘उ ३/२’ असे दिसते आणि वाचक त्याचा अर्थ ‘उंचीची दीडपट’ असा करतो. सिद्धेश्वरच्या सांडव्याची प्रत्यक्ष मापे येथे घेतलेली नाहीत. हा केवळ सूत्राच्या पाठाचा विचार आहे.

उंची १ मीटर असता मूळ पाठाप्रमाणे १ आणि अपपाठाप्रमाणे दीड हा आकडा येतो. उंची ४ मीटर असता मूळ पाठाने ८ मिळतात, अपपाठाने ६. उंची ९ मीटर धरल्यास मूळ पाठाने २७, तर अपपाठाने साडेतेरा, म्हणजे नेमके निम्मे. आणि उंची सव्वादोन मीटर असेल, तर दोन्ही पाठांनी ३.३७५ हेच उत्तर येते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की हा अपपाठ पाणी कमी असताना विसर्ग फुगवून सांगतो आणि पूर मोठा असताना तो दडवितो. धोका जेथे अधिक, तेथेच तो आश्वस्त करतो. दुसरी अशी, की एकच उदाहरण सोडवून सूत्र तपासले आणि दुर्दैवाने ते उदाहरण सव्वादोन मीटरच्या आसपासचे निघाले, तर चुकीचे सूत्र बरोबर म्हणून मान्य होईल.

अभियंते वेबपृष्ठावरून सूत्र उचलून धरणाचे दरवाजे उघडत नाहीत, हे खरे. परंतु मराठी माध्यमातून शिकून पुढे आलेला विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण किंवा ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापक यांच्यासमोर पडताळून पाहण्यासाठी मराठीतील दुसरा स्रोत असतोच असे नाही. इंग्रजीत एक अपपाठ दहा शुद्ध पाठांमध्ये उघडा पडतो. मराठीत पुष्कळदा एकच प्रत असते, आणि एकमेव प्रत हीच अधिकृत प्रत ठरते.

उपायांची चिकित्सा

सर्वाधिक प्रचलित उपाय समीकरणाचे चित्र करण्याचा आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत दस्तऐवज वेबपृष्ठ म्हणून साठविल्यास ब्राउझरसाठी समीकरणाचे चित्र तयार होते आणि त्याची मूळ रचना वर्डलाच वाचता येईल अशा स्वरूपात पृष्ठात दडवून ठेवली जाते. ‘फिल्टर केलेले वेबपृष्ठ’ हा पर्याय निवडल्यास ही दडविलेली रचनाही जाते आणि केवळ चित्र उरते. लिब्रेऑफिसच्या साध्या एचटीएमएल निर्यातीतही सूत्राचे चित्र होते. त्याच प्रणालीतील एक्सएचटीएमएल निर्यात मात्र सूत्राची रचना राखते.

चित्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चित्र पुसट होईल, ओळीच्या वरखाली सरकेल, गहाळ होईल. पण त्यातील घातांक कधी गुपचूप खाली उतरणार नाही. मूक अपपाठापासून ते पूर्ण संरक्षण देते. त्याची किंमत मात्र मोठी आहे. चित्रातील समीकरण शोधता येत नाही, उचलून वापरता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर वाचनप्रणालीच्या साहाय्याने पृष्ठ ऐकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तेथे काहीच मिळत नाही. शिवाय मूळ साधन नाहीसे झाले, की चित्र हे मृत लेखन ठरते. वर्डमधील जुने ‘इक्वेशन एडिटर ३.०’ हे साधन सुरक्षेच्या कारणास्तव जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यावर विसंबून लिहिलेली समीकरणे त्यानंतर दिसत राहिली, पण त्या साधनाने ती दुरुस्त करणे शक्य राहिले नाही.

दुसरा उपाय समीकरणाची रचनाच वेबपृष्ठात लिहिण्याचा आहे. त्यासाठीची मॅथएमएल ही भाषा एप्रिल १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात घातांक हा लहान अक्षराने नव्हे, तर ‘हा पाया, हा घात’ अशा स्पष्ट विधानाने नोंदविला जातो. भास्कराचार्यांच्या ‘व’ आणि ‘घ’ यांच्याशी तिचे नाते जवळचे आहे, कारण येथेही अर्थ स्थानावर न सोडता नावाने सांगितलेला असतो. तिचा प्रसार मात्र ब्राउझरांच्या अनास्थेमुळे रखडला. फायरफॉक्सने तिला दीर्घकाळ साथ दिली. क्रोममध्ये ती २०१३ मध्ये अल्पकाळ येऊन काढून घेतली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीत पुन्हा आली. मधल्या काळात, २०१० पासून, मॅथजॅक्स या मुक्त प्रणालीने लॅटेक पद्धतीने लिहिलेली समीकरणे कोणत्याही ब्राउझरमध्ये दाखविण्याची सोय केली.

तथापि ही साधने रोमन राशीनामे गृहीत धरून घडली आहेत, याचे भान मराठी लेखकाला ठेवावे लागते. लॅटेकच्या गणिती लेखनात प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र राशी मानली जाते. ‘क्ष’ हे मराठी वाचकाला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशा तीन वर्णांचे बनलेले असते. ते तसेच लिहिल्यास मॅथजॅक्स त्याचे तीन तुकडे करते. ‘ज्या’ आणि ‘कोज्या’ या त्रिकोणमितीतील संज्ञांचीही हीच गत होते. अशी अक्षरे ‘मजकूर’ म्हणून एकत्र बांधून दिली, की दोष नाहीसा होतो. दोष किरकोळ आणि उपाय एका शब्दाचा आहे. परंतु तो ठाऊक नसल्यामुळे देवनागरी राशींचा त्याग करणे किंवा पुन्हा चित्राकडे वळणे, हे दोन्ही मार्ग मराठी गणितलेखनाला दरिद्री करणारे आहेत.

समीकरणाऐवजी शब्दच वापरावेत, असा निष्कर्षही ‘दलघमी’च्या उदाहरणावरून काढता येणार नाही. ठरावीक मापासाठी शब्द पुरतो. चार पायऱ्यांच्या सिद्धतेसाठी पुरत नाही. शब्दाचा उपयोग समीकरणाच्या जागी नव्हे, तर त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून आहे.

तपासणीची पद्धत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. त्या कार्याचा पाया एका साध्या तत्त्वावर होता : कोणतीही एक प्रत पुरेशी नसते, स्वतंत्र प्रती एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. समीकरणांच्या निर्यातीला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते.

त्यानुसार मूळ दस्तऐवज ही आधारप्रत समजून जपली पाहिजे. वेबपृष्ठ तयार झाल्यावर ती टाकून देणे म्हणजे मातृप्रत नष्ट करणे होय. दुसरे, जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करताना समीकरणे आधी बाजूला काढावीत आणि रूपांतरानंतर पुन्हा बसवावीत. तिसरे, तयार पृष्ठ ते जेथे घडले त्या संगणकावर न तपासता दुसऱ्या यंत्रावर आणि भ्रमणध्वनीवर तपासावे, कारण लेखकाच्या यंत्रावर सर्व फॉन्ट हजर असतात आणि तेथे दोष लपून राहतो. चौथे, घातांक, असमतेची चिन्हे, ऋणचिन्हे आणि ग्रीक अक्षरे ही चार स्थळे प्रत्येक समीकरणात स्वतंत्रपणे ताडावीत. पाचवे, पृष्ठावर दिसणाऱ्या सूत्रात किमान दोन दूरदूरच्या किमती घालून उत्तर मूळ प्रतीशी जुळते का ते पाहावे. एकच किंमत का पुरत नाही, हे सांडव्याच्या उदाहरणाने दाखविले आहे. सहावे, महत्त्वाच्या समीकरणाखाली त्याचे एका वाक्यात शब्दरूप द्यावे. मॅथएमएलमध्ये समीकरणासोबत त्याचे मूळ लॅटेक रूप टीप म्हणून जोडून ठेवण्याचीही सोय आहे. ती वापरल्यास एकाच पृष्ठावर तीन साक्षीदार उभे राहतात.

समारोप

समीकरणांच्या निर्यातीतील दोष हे यंत्राचे दोष असले, तरी त्यांची दुरुस्ती वाचनाची आहे. कोणता आकडा कोणाच्या माथ्यावर आहे, कोणते चिन्ह काय सांगते, हे ज्याला कळते तोच मूक अपपाठ ओळखू शकतो. म्हणून ही जबाबदारी टंकलेखकावर किंवा संगणक विभागावर सोपवून लेखकाला मोकळे होता येणार नाही. चित्र हा तात्पुरता आसरा आहे. समीकरणाची रचना नावानिशी नोंदविणे, मूळ प्रत जपणे आणि शेजारी शब्दांची साक्ष ठेवणे, हा टिकाऊ मार्ग होय. सिद्धेश्वरच्या जलाशयाचा साठा ‘दलघमी’त सांगणाऱ्या भाषेने मोठ्या आकड्याचा अर्थ शब्दात बांधून सुरक्षित ठेवला आहे. तिच्यातून गणित लिहिणाऱ्याने वेबपृष्ठावरील प्रत्येक घातांकाबाबत तेवढीच दक्षता बाळगणे अगत्याचे आहे.